प्रेषक : घुबड, पोटमाळा

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या हिचं लग्नापासूनचं मत आहे. मी ते कधीच मान्य केलं नव्हतं. पण त्या दिवशी जेवताना सहज बोलून गेलो, "आज शिपाईमामांनी रेकॉर्ड रूमचा पोटमाळा झाडला. वर एक घुबड राहतंय. खाली नुसता काळ्या गोळ्यांचा सडा, आणि गोळा फोडला की आत उंदरांची हाडं!"

हिनं ताट बाजूला सारलं. ते अपेक्षितच होतं. पण समोर बसलेल्या कन्येचा चेहरा एकदम उजळला.

"बाबा, ते गोळे कुठे टाकले?"

"कचऱ्यात. आणखी कुठे टाकणार, तिजोरीत?"

"बाबा! काय केलंत हे!" आणि तिच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. घुबडाच्या घाणीसाठी कुणी रडू शकतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आमची कन्या कॉलेजात जीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. तिथे म्हणे प्रत्येकानं एक प्रकल्प करायचा. कुणी पावावरची बुरशी घेतली, कुणी डबक्यातलं पाणी, एकानं तर स्वतःच्या डोक्यातला कोंडा घेतला. कन्येला काही सुचत नव्हतं. त्यातून यंदा परीक्षा घ्यायला धान्य संशोधन केंद्राचे साहेब येणार होते, आणि ज्याचा प्रकल्प त्यांना पटेल त्याला केंद्रात प्रशिक्षणार्थी म्हणून घेणार होते. जागा एक. विद्यार्थी बेचाळीस. गेले आठ दिवस कन्या जेवताना भिंतीकडे बघत होती, त्याचं कारण हे.

"घुबड उंदीर सबंध गिळतं," ती मला समजावू लागली. "मांस पचतं. हाडं आणि केस पचत नाहीत. त्यांचा गोळा करून ते ओकून टाकतं. तो भिजवून सोडवला की आतल्या कवट्या मोजता येतात. मला साठ गोळे हवेत बाबा. एकाच जागचे, रोजच्या रोज उचललेले, प्रत्येकावर तारीख."

"मग ये की घेऊन जायला."

"रेकॉर्ड रूममध्ये बाहेरच्या माणसाला सोडतात?"

सोडत नाहीत. तो नियम मीच गेली सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळत आलो होतो. म्हणजे साठ गोळे कोण उचलणार हे उघड होतं.

आता तुम्ही म्हणाल, चांगला प्रतिष्ठित माणूस, वरिष्ठ कारकून, घुबडाची ओकारी गोळा करायला कबूल झालाच कसा? त्याचं उत्तर आमच्या इमारतीत आहे. आमच्या इमारतीत गेली तीन वर्षं मला सगळे एकच प्रश्न विचारत होते, "जीवशास्त्र? बरं. पण पुढे काय?"

समोरच्या वहिनींचा मुलगा डॉक्टर होतोय. वहिनी मनानं फार चांगल्या, पण जिना चढताना मी दिसलो की त्यांना दम लागतो आणि तो दम त्या माझ्यापाशी थांबून घेतात. "तुमच्या मुलीचं थोडक्यात हुकलं हो, नाहीतर दोघं बरोबरीनं शिकली असती." खरं म्हणजे हुकलंबिकलं काही नव्हतं. कन्येनं डॉक्टरकीचा अर्जच भरला नव्हता. तिला माणसांपेक्षा इतर प्राणी जास्त आवडतात, आणि वहिनींना बघून मलाही कधीकधी तिचं पटायचं.

वरच्या मजल्यावर विमावाले राहतात. ते माझ्यासाठी वर्तमानपत्रांतली कात्रणं आणायचे. "औषधं विकता येतात. रक्त तपासायच्या दुकानात बाटल्या लावता येतात. शाळेत बेडकाची आकृती काढता येते. आणि हे काहीच नाही जमलं, तर बँकेची परीक्षा. तिथे बेडूक विचारत नाहीत."

पण लोकांना कशाला नावं ठेवू? मी तरी काय करत होतो? कुणी विचारलं, मुलगी काय शिकते, तर मी म्हणायचो, "विज्ञान." कसलं विज्ञान म्हटलं की मला खोकला यायचा. कन्येला हे माहीत होतं. ती कधी बोलली नाही, पण माझा खोकला सुरू झाला की ती उठून आत जायची. तेव्हा साठ गोळे आणून द्यायचं कबूल केलं ते त्या खोकल्याची भरपाई म्हणून, असं समजा.

पहिले दोन गोळे मी जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात ठेवले. खालच्या कप्प्यात माझं जेवण होतं. वरचा कप्पा रिकामा असतो म्हणून ठेवले. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. टंकलेखनाच्या बाई दुपारी "बघू आज घरून काय आलंय" म्हणत झाकण उघडतील, हे मी कसं ओळखणार? त्या किंचाळल्या, मग खुर्चीवर बसल्या, मग आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि तो डबा हिनं चिमट्यात धरून भंगारात दिला.

तेव्हा मी ठरवलं की आता जे करायचं ते पद्धतशीर. पद्धतशीरपणा हा माझा प्रांत. एक गोळा, एक खाकी पाकीट. पाकिटावर तारखेचा शिक्का. आणि शिक्का मारला की पुढे हात थांबतोय कुठे? आमच्या कार्यालयात बाहेरून आलेली कुठलीही वस्तू आवक नोंदवहीत चढल्याशिवाय जागची हलत नाही. सव्वीस वर्षांची सवय. मी नोंदवही उघडली, अनुक्रमांक घातला, तारीख घातली. "प्रेषक" या रकान्यापाशी जरा अडलो. पण प्रेषक तर ढळढळीत डोक्यावर बसलेला होता. मी लिहिलं, "घुबड, पोटमाळा." विषय, "गोळा, एक." शेरा, "पुढील कार्यवाहीसाठी कन्येकडे." वाचून बघितलं. एकही रकाना रिकामा नव्हता. समाधान वाटलं.

रोज सकाळी दहाला मी शिडी चढायचो. खाली शिपाईमामा शिडी धरायचे आणि वर बघत म्हणायचे, "आज काय टपाल?" घुबड तुळईवरून माझ्याकडे मान वाकडी करून पाहायचं. पांढरा, बदामासारखा चेहरा. पहिले काही दिवस आम्ही एकमेकांना भ्यायलो, मग एकमेकांची सवय झाली. आमच्या कार्यालयात वेळेवर हजर असणारे आम्ही दोघंच.

घरी वेगळाच गोंधळ. कन्येनं गोळे भिजवायला हिच्या वाट्या घेतल्या. हिनं आकाशपाताळ एक केलं. "हे स्वयंपाकघर आहे, प्रयोगशाळा नाही!" मग दुसऱ्या दिवशी ही लांबून बघू लागली. तिसऱ्या दिवशी जवळून. चौथ्या दिवशी म्हणाली, "अगं, असं ओढू नकोस, मोडेल ते. दे इकडे." हिचा हात शिवणकामाचा. ओल्या केसांच्या गुंत्यातून भुवयांच्या चिमट्यानं हिनं एक अख्खी कवटी सोडवली, दातांसकट, कुठे टवका नाही. कन्या बघतच राहिली. त्या दिवसापासून आमच्या घरात संध्याकाळच्या मालिका बंद झाल्या. मी कार्यालयातून आलो की ही दारातच विचारायची, "आज किती आणलेत?" दोनपेक्षा कमी असले की हिचं तोंड उतरायचं.

सोडवलेल्या कवट्या खिडकीत कागदावर वाळत घातलेल्या असायच्या. समोरच्या वहिनींना त्या दिसल्या नसत्या तरच नवल.

एका रविवारी विमावाले सपत्नीक आले. दोघांचे चेहरे गंभीर. पाणी नको, चहा नको. जरा वेळानं ते घसा साफ करून म्हणाले, "भाऊ, शेजारधर्म म्हणून विचारतो. तुमच्या घरात कवट्या वाळत घातल्यात, असं जिन्यात चाललंय."

"हो," मी म्हटलं. "एकशे अठरा झाल्या."

विमावाल्यांनी बायकोचा हात धरला. "पोरीला डॉक्टरकी मिळाली नाही म्हणून इतकं मनाला लावून घेऊ नये हो..." त्यांचा आवाज कापत होता. मी खिडकीतला कागद आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. अंगठ्याच्या पेराएवढ्या कवट्या बघून त्यांच्या जिवात जीव आला, आणि लगेच त्यांची निराशाही झाली. जिन्यात बोलताना वहिनींनी आकार सांगितलाच नव्हता.

"आणि हे सगळं करून पुढे काय?" जाताना त्यांनी विचारलंच.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. सदतीस गोळे झाले होते. आणि आमच्याकडे नवे साहेब आले. नवा माणूस आला की त्याला आधी स्वच्छता सुचते, काम नंतर. साहेबांनी पोटमाळा पाहिला, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "शुक्रवारपर्यंत पक्षी हुसकून लावा आणि तो आत येतो ते भगदाड बुजवून टाका."

शुक्रवारला तीन दिवस होते. घरी सांगितलं. कन्या वहीत सदतीस आकड्याभोवती पेन फिरवत बसली. एवढ्यावर प्रकल्प उभा राहत नाही, इतकं मलाही आता जीवशास्त्र कळत होतं.

सव्वीस वर्षांत मी आपणहून एकही टिपणी लिहिली नव्हती. वरून आलेलं खाली आणि खालून आलेलं वर, एवढंच माझं काम. पण त्या दिवशी मी कागद ओढला आणि लिहिलं, "पक्षी हलवल्यास छताला धोका संभवतो किंवा कसे, याबाबत बांधकाम विभागाचा अभिप्राय घेणे उचित होईल. तोपर्यंत जैसे थे." साहेबांनी न वाचता सही केली. फाइल निघाली.

आणि काय सांगू, काय सुरेख गेली ती फाइल! बांधकाम विभागानं विचारलं, पक्षी कोणत्या तारखेपासून वास्तव्यास आहे, पुरावा जोडावा. मी कळवलं, पक्षी निवेदन देण्यास असमर्थ आहे. त्यांनी ती आरोग्य विभागाकडे पाठवली. आरोग्य विभागानं हा विषय आपला नसून बांधकाम विभागाचाच आहे असं कळवलं. लोक सरकारी कामाला नावं ठेवतात, मला माझ्या धंद्याचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता. तीन आठवड्यांत गोळे एक्कावन्न झाले.

पण कुठेतरी, कुठल्याशा टेबलावर, एक उत्साही माणूस बसलेला असतोच. त्यानं फाइल त्याच दिवशी वाचली, त्याच दिवशी "छतास धोका नाही" असं लिहिलं आणि त्याच दिवशी परत पाठवली. एवढ्या झटपट आलेली फाइल बघून साहेबांना संशय आला. ती नेमकी कधी आली हे तपासायला त्यांनी आवक नोंदवही मागवली.

मी केबिनमध्ये गेलो तेव्हा साहेब नोंदवही वाचत होते. एकेक पान उलटत होते. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं, "प्रेषक, घुबड, पोटमाळा. विषय, गोळे, दोन. शेरा, एक किंचित फुटलेला." त्यांनी वर पाहिलं. "हे काय आहे?"

"आवक, साहेब."

"एक्कावन्न वेळा?"

"नाही साहेब. बेचाळीस नोंदी. काही दिवशी दोन-दोन आले."

खरं बोललो, पण खरं बोलायची ती वेळ नव्हती. तासाभरात माझ्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस आली. कार्यालयाच्या आवक नोंदवहीत पक्ष्याच्या उलटीच्या नोंदी का घेतल्या, याचा खुलासा उद्या करावा. आणि भगदाड परवा बुजणार. आजवर मी अशा किती नोटिसा दुसऱ्यांच्या नावानं आवक-जावक केल्या असतील. स्वतःचं नाव असलेली ही पहिलीच. टंकलेखनाच्या बाईंनीच ती टंकली होती, आणि त्यासुद्धा डोळे पुसत होत्या, म्हणजे बघा.

घरी आलो. नोटीस कन्येनं वाचली. घडी घालून परत देत ती म्हणाली, "बाबा, राहू दे. तुमच्या नोकरीला डाग नको. मी एक्कावन्नांतच भागवते. नाही लागली जागा तर देते बँकेची परीक्षा."

ती हे अगदी साधेपणानं बोलली. चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. तीन वर्षं ही पोर माझा खोकला ऐकत होती, आणि आता माझ्यासाठी सोडून द्यायला निघाली होती. मी म्हटलं, "खुलासा मला मागितलाय ना? मग तो तू करायचास. उद्या माझ्याबरोबर चल. आणि सगळ्या कवट्या घे."

दुसऱ्या दिवशी कन्येनं साहेबांच्या टेबलावर खोका उघडला. आत कापसावर दहा-दहाच्या रांगा. साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"सर, हे एकशे ब्याऐंशी उंदीर," कन्या म्हणाली. तिचा आवाज आधी थोडा कापला, मग कापायचा थांबला. "गेल्या दोन महिन्यांत तुमच्या रेकॉर्ड रूममध्ये आणि आसपास होते. आता नाहीत."

"एका घुबडानं?"

"हो सर. आणि हे बघा." तिनं छोट्या बाटलीतून चिमट्यानं काहीतरी काढलं. फाइल बांधायच्या लाल दोरीचे धागे होते ते. "एकोणतिसाव्या गोळ्यात सापडले. उंदरानं फाइल खाल्ली, घुबडानं उंदीर."

साहेब ते धागे भिंगातून बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "आपले पिंजरे आहेत ना? त्यांत किती सापडले?"

"वर्षभरात सात, साहेब. त्यातला एक पळाला."

साहेबांनी एक कवटी तळहातावर घेतली, दात पाहिले, आणि विचारलं, "ही मोठी वेगळी दिसते?" झालं! कन्या जी सुरू झाली ती थांबेचना. घूस कुठली, चिचुंद्री कुठली, दाढा कशा ओळखायच्या. आमचे साहेब टेबलाच्या या बाजूला येऊन उभे राहिले. मी कोपऱ्यात उभा होतो. माझी मुलगी कामाचं बोलताना कशी दिसते, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी आदेश निघाला. "पक्ष्यास आहे त्या जागी राहू द्यावे. भगदाड बुजवू नये. संबंधित लिपिकास समज देण्यात येत असून यापुढे गोळ्यांची नोंद स्वतंत्र वहीत घ्यावी." म्हणजे बघा, नोंद घेऊ नये असं कुठेच म्हटलं नव्हतं. मी नवी वही घेतली आणि दहा दिवसांत साठ पुरे केले.

परीक्षेच्या दिवशी मी कॉलेजच्या व्हरांड्यात बसलो होतो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण रजा घेतली होती. दार अर्धवट उघडं होतं. धान्य केंद्राचे परीक्षक बारीक आवाजाचे, पण खवट. "काम चांगलं आहे," ते म्हणत होते, "पण या तारखा? दरवर्षी मुलं शेवटच्या आठवड्यात घरी बसून एकाच पेनानं सगळ्या तारखा लिहितात. या खऱ्या कशावरून?"

कन्येनं पिशवीतून एक जाडसर गठ्ठा काढून पुढे ठेवला. आमच्या आवक नोंदवहीची आणि नव्या वहीचीही प्रत, पानापानावर शिक्का, खाली "अस्सलबरहुकूम नक्कल" आणि खुद्द साहेबांची सही. तिनं ती मला न सांगता साहेबांकडून मागून घेतली होती.

आत बराच वेळ कागद उलटल्याचा आवाज आला. मग "प्रेषक, घुबड" असं कुणीतरी पुटपुटलं, आणि तो खवट माणूस हसायला लागला. खोकला लागेपर्यंत हसला. शेवटी डोळे पुसत म्हणाला, "तीस वर्षं हे काम करतोय, पण इतकी चोख नोंद मी पाहिली नाही. कुणी ठेवलीय ही?"

"माझ्या बाबांनी," कन्या म्हणाली. तिला खोकलाबिकला काही आला नाही.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. मधे काय झालं ते वेगळं सांगायला नको, कारण गेल्या सोमवारचं टपालच सगळं सांगतं. शिपाईमामांनी गठ्ठा टाकला, मी एकेक पाकीट फोडत होतो. एक पत्र धान्य संशोधन केंद्राचं होतं. गोदामांतल्या उंदरांवर उपाय म्हणून घुबडांसाठी लाकडी पेट्या बसवायच्या आहेत, तरी आपल्या कार्यालयातल्या घुबडाची पाहणी करण्याची परवानगी मिळावी. खालची सही मी लगेच ओळखली. शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर माझी सही ठोकायचा सराव करून करून तिची सही माझ्यासारखीच वळणदार झालीय.

मी नोंदवही उघडली. अनुक्रमांक, तारीख. प्रेषकाच्या रकान्यात तिचं पूर्ण नाव लिहिलं. आधी तिचं, मग मधलं, जे माझं आहे, मग आडनाव. पुढे हुद्दा, "प्रशिक्षणार्थी संशोधक, जीवशास्त्र." इतकं रकान्यात मावत नव्हतं. मी शेजारच्या रकान्यात गेलो. नियमात बसत नाही ते, पण गेलो.

"कुणाचं पत्र एवढं?" शिपाईमामांनी विचारलं.

"माझ्या मुलीचं," मी म्हटलं. पलीकडे टंकलेखनाच्या बाईंना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं म्हटलं. "जीवशास्त्र शिकली ना ती."

वर पोटमाळ्यावर काहीतरी टपकन पडलं. शिपाईमामा शिडी आणायला गेले, आणि मी पत्रावर शिक्का मारला.